बापाचं पहिलं शील

माझा बाप मारकुटा होता. हे लिहिताना माझा हात जरासुद्धा अडखळत नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये असं सांगणारे लोक बहुतेक वेळा त्या माणसाचा मार न खाल्लेले असतात. बा मायला मारायचा, मला मारायचा, शेळीला मारायचा, आणि समोर कोणीच नसलं तर दाराला लाथ घालायचा. आमच्या दाराची खालची फळी त्याच्या लाथांनी फुटली होती आणि त्या भोकातून कोंबड्या ये-जा करायच्या. माय ते भोक बुजवत नव्हती. म्हणायची, बुजवलं तर पुन्हा फोडतील, राहू दे तसंच.

आमचं गाव सेवाग्रामपासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, अल्लीपूरच्या बाजूला. गावाच्या खालच्या अंगाला नदी आणि नदीकाठी आमचा महारवाडा. बा उन्हाळ्या-पावसाळ्यात दुसऱ्यांच्या शेतात राबायचा आणि कापसाच्या दिवसांत हिंगणघाटला जिनात जायचा. तो घरी नसला की आमचे दिवस बरे जात. तो आला की मी आधी त्याचा उजवा हात कुठे आहे ते बघायची, मग तोंडाकडे.

आणि त्या हाताला गावात मान होता. हे आजच्या माणसाला सांगूनही पटायचं नाही. गावाच्या शिवेवर कडुनिंबाखाली मरीआईचं ठाणं होतं. गावात हैजा म्हणजे पटकी आली, किंवा देवी आल्या, की मरीआईला हेला द्यायचे. हेला म्हणजे रेडा. पाटील त्याच्या कपाळाला हळदकुंकू लावायचा आणि आमच्या घरचा पुरुष त्याची मान तोडायचा. एका घावात. दुसरा घाव मारावा लागला तर देवी कोपली असं समजायचे, आणि मग गाव त्या माणसाला जिवंत ठेवेल की नाही हे सांगता येत नव्हतं. माझ्या पणज्यानं एका घावात तोडली, आज्यानं तोडली, आणि मग बापानं. त्यासाठीचा खांडा, रुंद पात्याचा आणि पुढून जड, आमच्याच घरात आढ्याखाली टांगलेला असायचा. आमच्या सावलीला गावात जागा नव्हती, पण आमच्या घरातल्या खांड्याला होती.

मी लहान असताना एकदा ते पाहिलं. मायच्या कडेवरून पाहिलं, त्यामुळे चांगलं वरून दिसलं. बानं शर्ट काढला, खांडा उचलला, आणि ओलं लाकूड फुटावं तसा आवाज झाला. हेल्याचं धड थोडा वेळ उभंच होतं. रक्ताची चिळकांडी पाटलाच्या धोतरापर्यंत गेली तरी पाटील हसत होता. बाला फेट्याचं कापड मिळालं. तो ते डोक्याला गुंडाळून छाती काढून वस्तीत आला, दारू प्याला आणि दिवस मावळायच्या आत त्यानं मायला चुलीजवळून केसांना धरून ओढत अंगणात आणलं. कारण मला आठवत नाही. कारण असायचंच असं नाही. माय शेजारणीला म्हणाली, "त्याईच्या हातात देवी हाये बाई, थे एकदा अंगात आली का लवकर उतरत नाई." मला तेव्हाही हे पटलं नव्हतं. देवीला आमचीच पाठ कशी काय सापडायची?

छप्पन सालच्या दसऱ्याला बा नागपूरला दीक्षा घ्यायला गेला. वस्तीतले जवळजवळ सगळे पुरुष गेले आणि काही बाया गेल्या. माय गेली नाही. धाकटा भाऊ अंगावर पीत होता हे सांगायचं कारण. खरं कारण म्हणजे तिला भीती वाटत होती. मी गेले नाही, म्हणून तिथलं मी काही सांगत नाही. सांगणारे पुष्कळ आहेत. मी एवढंच सांगते की पांढरा सदरा घालून गेलेला माझा बाप तोच सदरा मळवून परत आला, घरात शिरला, आणि देव्हाऱ्यातले देव उचलून टोपलीत टाकायला लागला.

वस्तीत त्या दिवशी घरोघरी हेच चाललं होतं. टाक, मूर्ती, शेंदूर थापलेले धोंडे, सगळं टोपल्यांत भरून नदीकडे निघालं होतं. आमच्या देव्हाऱ्यात मायच्या माहेरची मरीआई होती. मुठीएवढा धोंडा, वर्षानुवर्षांच्या शेंदरानं जाड झालेला, एका कोपऱ्याला टवका उडालेला. माझ्याआधीची मायची लेकरं जगली नव्हती. मी आणि भाऊ त्या धोंड्याला नवस करून जगलो, असा तिचा हिशेब. तिनं टोपली धरली.

"हिले नका नेऊ. बाकीचे न्या. हिनं मले लेकरं देल्ले."

"लेकरं म्या देल्ले तुले," बा म्हणाला.

माय टोपली सोडेना. बाचा उजवा हात वर गेला. मी भिंतीला चिकटले, भावाचे डोळे झाकले. आवाज आला नाही. मी बघितलं तर हात वरच होता. मग तो हळूहळू खाली आला आणि बानं तो दुसऱ्या हातानं मनगटाशी पकडून ठेवला, चोर पकडावा तसा. टोपली घेऊन तो निघून गेला. माय रडत होती. पण ती देवीसाठी रडतेय की न बसलेल्या मारामुळे गोंधळून रडतेय हे मला कळलं नाही.

त्या दिवसापासून बानं कोणाला मारलं नाही. दारू सोडली. आठवड्यातून एकदा हिंगणघाटचा एक शिकलेला तरुण सायकलवर यायचा आणि वस्तीला बसवून पंचशील म्हणून घ्यायचा. बाला ते पाली शब्द काही केल्या जमत नव्हते. जिनात सरकीचे बोद, मोठाली पोती, उचलणारा माणूस, पण एका शब्दावर घामाघूम व्हायचा. तरी पहिलं शील त्यानं पाठ केलं. कोणाचा जीव घेणार नाही, हे. त्यानंतर त्यानं कोंबडीसुद्धा कापली नाही. आढ्याचा खांडा काढला, पाटलाच्या ओट्यावर नेऊन ठेवला आणि म्हणाला, "हे तुमचं. माह्या घरात याचं काम नाई आता." पाटलानं खांड्याकडे बघितलं, बाच्या तोंडाकडे बघितलं नाही.

पण राग कुठे जाणार? राग होताच. राग आला की बा कुऱ्हाड घेऊन मागच्या अंगणात जायचा आणि बाभळीची लाकडं फोडायचा. त्या वर्षी आमच्या घरी जळण कमी पडलं नाही, आणि शेजारपाजारच्या चार चुली आमच्या बापाच्या रागावर पेटल्या. आम्ही मात्र शहाणे झालो नाही. त्यानं नुसतं पाणी प्यायला हात पुढे केला तरी मी मान खाली घालून खांदे आवळायची. एकदा त्यानं ते पाहिलं. उठला आणि लाकडं फोडायला गेला.

मायचा त्याच्यावर विश्वास बसला नाही तो नाहीच. ती मला म्हणायची, "मारत होते तवा कळे तरी, का चला, आजचं मारून झालं. आता कवा सुरू होईन, काय कळते?" मला तिचा राग यायचा. पण कधी कधी वाटायचं की तीही खरं बोलतेय.

मग उन्हाळा आला. आणि आमच्या पुरुषांनी काय गाढवपणा करून ठेवला होता तो सगळ्यांना दिसला.

देव बुडवले होते दसऱ्याच्या आसपास. दसऱ्याला नदी भरलेली असते, कमरेपर्यंत पाणी, आणि बापे गडी जिथून उतरायची सवय तिथेच उतरले, पाण्यात टोपल्या उलट्या करून परत आले. आता चैत्र सरला, नदी आटली, आणि वाळूत देव उघडे पडले. आम्ही बाया पाण्यासाठी वाळूत झिरा उकरायला गेलो तर समोर एका ओळीत शेंदूर. काही उताणे, काही पालथे, एक मूर्ती छातीपर्यंत वाळूत उभी. पाण्यानं बाकी सगळं वाहून नेलं होतं, शेंदूर तेवढा राहिला होता. मायनं टवक्यावरून आपली मरीआई ओळखली. घागर तिच्या हातातून पडली. "पाह्य, आली," ती म्हणाली, "आली वापस."

तिच्या बोलण्याकडे मी लक्ष दिलं नसतं. पण त्याच आठवड्यात गावात हैजा लागला.

पहिलं माणूस गावात गेलं, दुसरं आमच्या वस्तीत, मग मोजायला कोणाला वेळ नव्हता. मसणात एक चिता विझायच्या आत दुसरी पेटायची. सरकारी माणसं सुया घेऊन आली तर अर्धं गाव कापसाच्या वाळल्या शेतात पळून गेलं. आमच्या वस्तीनं सुया टोचून घेतल्या, कारण त्या सायकलवाल्या तरुणानं बजावून सांगितलं होतं. मायनं भावाला मात्र सुई टोचू दिली नाही. कोठीमागे लपवून ठेवलं. बाला हे नंतर कळलं.

गावानं हिशेब लगेच जुळवला. महारांनी देव नदीत टाकले, देवी कोपली, वर आली, आता गाव खाऊन राहिली. पाटलानं बाला बोलावलं.

"हेला पाहून ठेवला हाये. तू कापजो."

"पाटील, म्या शपथ घेतली."

"तुह्या बापानं कापला, आज्यानं कापला. तुलेच काऊन मोठं शानपन सुचलं बे?"

"त्याईनं शपथ घेतली नवती," बा म्हणाला आणि परत आला.

त्या दिवसापासून ज्यावर आमचा सौदा लांबून ठेवायचे तो दुकानापुढचा दगड वस्तीला बंद, पिठाची चक्की बंद, शेतातलं काम बंद. गाडी-बैल तर वस्तीत कोणाकडे नव्हतेच. आम्ही ज्वारी जात्यावर भरडून खात होतो. वस्तीतलेही काही जण बाला सांगायला लागले की एक जनावर काप आणि मोकळा हो, हात तुझा, शील आमचं थोडंच मोडणार आहे. बा लाकडं फोडत राहिला.

आणि एका सकाळी भाऊ ओकायला लागला.

हैजा झालेलं लेकरू ज्यानं पाहिलं नाही त्याला मी काय सांगू? सकाळी अंगणात कोंबड्यांमागे धावणारं पोर ऊन चढेस्तोवर सुकून गेलं. डोळे आत गेले, पोटाची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहायची. रडायला त्याच्या डोळ्यांत पाणीच उरलं नव्हतं. सेवाग्रामच्या दवाखान्यात शिरेतून मिठाचं पाणी देतात आणि माणूस उठून बसतो, हे बानं जिनात ऐकलं होतं. तो धावत पाटलाकडे गेला. गाडी मागितली. पाटील म्हणाला, "गाडी हाये. बैल बी हायेत. आंधी हेला."

बा परत आला तेव्हा मायला सगळं त्याच्या तोंडावरून कळलं.

"एकच घाव मारा ना हो," ती म्हणाली. "तुमचा हात काय नवा हाये काय? माह्यावर किती चालला! एकदा माह्या लेकरासाठी चालवा."

बानं भावाला धोतराच्या फडक्यात गुंडाळलं, खांद्यावर घेतलं. "म्या पायी नेतो."

"त्या उन्हात? पोहचन कवा? पोट्टं मरून राह्यलं माह्यं, अन् तुमी शील सांभाळून राह्यले!"

तो उंबऱ्याबाहेर पडला आणि थांबला. गाव समोर होतं. गाव म्हणजे चाळीस-पन्नास पुरुष, काठ्या घेतलेले, पुढे पाटील, आणि दोरखंडानं ओढत आणलेला तो काळा हेला, कपाळाला हळदकुंकू, शिंगांना लिंबाचा पाला. त्यांनी हेला आमच्या दारासमोरच्या खुंट्याला बांधला आणि खांडा बाच्या पायांपुढे टाकला. वस्तीतली दारं एकामागून एक बंद झाली. आमच्यातलेच लोक होते ते. मी त्यांना आजही माफ केलेलं नाही.

"लेकरू घेऊन जाऊ द्या," बा म्हणाला.

"जाजो ना. एक घाव, अन् जाय."

माय धावली, तिनं भावाला त्याच्या खांद्यावरून ओढून घेतलं, मला आत ढकललं आणि दार लावलं. म्हणून पुढचं मी फळीच्या भोकातून पाहिलं, जमिनीवर पोट टेकून, कोंबड्यांच्या घाणीत तोंड घालून.

पहिली काठी पाठीत बसली. बा हलला नाही. दुसरी गुडघ्यावर बसली तेव्हा तो खाली बसला. बसल्यावर त्यानं दोन्ही हात काखेत घालून घट्ट दाबून धरले. मग काठ्या सरसकट पडायला लागल्या. डोक्यावर पडली तेव्हा कान फुटला, रक्त गळ्यावरून आत गेलं. कोणी तरी त्याच्या काखेतून उजवा हात ओढून काढायचा प्रयत्न केला, तो निघेना, तेव्हा कोपरावर लोखंडी टोकाची काठी मारली. बा ओरडला. मी त्याला ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. ओरडायचं काम आमचं असायचं. तरी हात काखेतून निघाला नाही.

आणि मला काय वाटत होतं ते सांगते. मला वाटत होतं, बा, ऊठ आणि मार. हेल्याला नाही, यांना मार. इतकी वर्षं आम्हांला फुकट मारलंस, आता खरं मारायची वेळ आली तर हात लपवून बसलास. मी त्या भोकाला तोंड लावून "मार, मार" म्हणत होते. माझ्या मागे भाऊ कण्हत होता आणि माय त्याच्या सुकलेल्या ओठांना ओलं बोट लावत होती.

पाटलाचा एक तरणाबांड पुतण्या होता, कुस्त्या खेळणारा. तो वैतागला. "याच्या हातात काय सोनं लागलं हाये का? म्याच कापतो," म्हणाला आणि त्यानं खांडा उचलला. पाटील "नको, नको" म्हणेस्तोवर त्यानं घाव घातला.

जोर होता, पण हेल्यानं मान फिरवली. खांडा मानेच्या मुळाशी तिरपा शिरला आणि हाडात अडकला. पोरानं तो हिसकून काढला, पुन्हा मारला, तो शिंगावर बसून खांद्यात गेला. हेल्यानं हंबरडा फोडला. ते हंबरणं नव्हतंच, त्याच्या फाटलेल्या गळ्यातून वारा आणि रक्त एकदम बाहेर येत होतं. त्यानं खुंटा उपटला. पुतण्याला त्यानं भिंतीशी दाबलं, आणि त्या पोराच्या मांडीचं हाड मोडलेलं मला दाराआडून ऐकू आलं. मग तो गर्दीत शिरला. काठ्या टाकून सगळं गाव पळालं. कोणी कुडावरून उड्या मारल्या, पाटील वस्तीतल्या एका कडुनिंबामागे गेला. हेला अंगणात दोनदा गोल फिरला, आमच्या शेळीला तुडवून गेला, आणि शेवटी येऊन आमच्या दाराला धडकला. दार कडाडलं, पण तुटलं नाही. तो तिथेच, उंबऱ्यावर, कोसळला.

माझ्या भोकासमोर त्याचा डोळा होता. इतका जवळ की पापण्यांवरचं हळदकुंकू दिसत होतं. अर्धी मान उघडी होती आणि प्रत्येक श्वासाला तिच्यातून फेस येत होता. तो मरत नव्हता. मरायला हवं होतं, पण मरत नव्हता. दाराखालून रक्त घरात आलं, माझ्या हाताखाली गरम लागलं, माझ्या पोटाखाली गेलं. मी उठू शकले नाही. त्याचे पाय दारावर आपटत होते आणि दार आमचं, बाहेर जायचा रस्ता तोच, आणि आत भाऊ.

तेव्हा मला बाचे पाय दिसले.

तो लंगडत आला. हेल्याजवळ उभा राहिला. बराच वेळ उभा राहिला असं मला वाटतं, पण भोकासमोर पडलेल्या पोरीला वेळ काय कळणार. त्यानं वाकून खांडा दोन्ही हातांनी उचलला. त्याचं तोंड मला दिसलं नाही. किती वेळा मी ते तोंड आठवायचा प्रयत्न केला, पण मी पाहिलंच नाही ते. मला फक्त पाय दिसले, आणि ते रोवले गेलेले दिसले. मग तोच आवाज आला, ओल्या लाकडाचा. समोरचा डोळा तसाच उघडा राहिला, पण श्वास थांबला.

एक घाव.

कडुनिंबामागून पाटील बाहेर आला. धोतर सावरलं. "झालं," तो म्हणाला, "घेतलं मरीआईनं. आना रे गाडी."

गाडी आली. पाटलानं शब्द पाळला, हे त्याचं वागणं मला सगळ्यात जास्त अजून डाचतं. हेल्याचं धड ओढून बाजूला केलं तेव्हा दार उघडलं. माय भावाला घेऊन रक्तातून चालत गाडीत बसली, बा मागे बसला, त्याचा उजवा हात कोपरातून लोंबत होता. बैल पळवत नेले. दवाखान्यात भावाच्या पायातल्या शिरेतून बाटलीनंतर बाटली पाणी गेलं. दुसऱ्या दिवशी त्यानं भाकर मागितली.

माय म्हणाली, हेला लागला. बा म्हणाला, बाटली लागली. यावर ते दोघं जन्मभर भांडले. पण बा हे भांडण मोठ्या आवाजात कधी करत नव्हता, कारण बाटलीपर्यंत पोहोचवणारी गाडी कशी आली ते त्याला माहीत होतं. पावसाळ्याआधी हैजाही गेला. गावानं त्याचं श्रेय कोणाला दिलं ते सांगायला नको. पाटलानं घरी फेट्याचं नवं कापड पाठवलं. बानं ते चुलीत घातलं. नवं कापड नीट जळत नाही, घरभर धूर झाला, आम्ही सगळे खोकत बाहेर येऊन बसलो.

भाऊ धडधाकट फिरायला लागल्यावर माय एका सकाळी मला घेऊन नदीत गेली. तिनं आपली मरीआई वाळूतून उचलली, पदरात बांधली, आणि आम्ही वर डोहापर्यंत चालत गेलो. तो डोह कोणत्याही उन्हाळ्यात आटत नाही. हे वस्तीतल्या एकूण एक बाईला माहीत होतं, पण पुरुषांनी देव बुडवताना बायांना विचारलंच कुठे? मायनं धोंडा हातात घेतला. मला वाटलं नमस्कार करेल.

"हेला खाल्ला, माह्या माणसाची शपथ खाल्ली," ती धोंड्याला म्हणाली. "आता पोट भरलं असन. रायजो आता खालीच." आणि तिनं तो असा भिरकावला की मला वाटलं खांदा निखळेल. त्या दिवसापासून ती वस्तीत वंदनेला बसायला लागली. तिला धम्म कळला होता असं मी म्हणणार नाही. तिचं देवीशी भांडण झालं होतं.

मला वाटत होतं की आता बाचा हात पुन्हा सुटणार. एकदा सुटला म्हणजे सुटला. पण नाही सुटला. त्यानं मरेपर्यंत आमच्यावर हात उचलला नाही, आणि कुऱ्हाडही पुन्हा धरली नाही. लाकडं मी आणि माय फोडायचो, मोडक्या हातानं बा ढलप्या गोळा करायचा. वस्तीतले काही जण त्याच्या पाठीमागे म्हणायचे, शेवटी कापलाच ना. ज्यांनी तेव्हा दारं लावून घेतली होती तेच.

वंदनेला तो नेमानं बसायचा, पुढच्या ओळीत, मांडी घालून. बुद्धाला शरण जातो, धम्माला जातो, संघाला जातो, सगळ्यांबरोबर खड्या आवाजात म्हणायचा. मग शिलं यायची. पहिलं शील आलं की त्याचे ओठ मिटायचे. सगळी वस्ती म्हणायची आणि तो समोर बघत गप्प. दुसऱ्या शिलापासून त्याचा आवाज पुन्हा सुरू व्हायचा. मी शेजारीच बसायची, मला ते भोक दर वेळी ऐकू यायचं.

मी शिकायला वर्ध्याला निघाले त्याच्या आदल्या दिवशी मी त्याला विचारलं. आता आमच्यात मार नव्हता, म्हणून विचारता आलं.

"बा, हेल्याचे हाल पाह्यवले नाईत म्हणून मारलं ना? मंग त्याच्यात पाप कायचं?"

तो मोडक्या कोपरावरून हात फिरवत बसला.

"हाल पाह्यवले नाईत," तो म्हणाला. "अन् गाडी बी पायजे होती. अन् राग बी आलता, लय आलता. खांडा उचलला तवा त्यातलं कोण होतं, मले मालूम नाई. मालूम असतं तं म्या शील म्हटलं असतं."

मला त्याच्या हाताला हात लावावासा वाटला, आणि मी लावला. त्या हाताला आपण होऊन हात लावायची माझी ती पहिली वेळ.

भावाला यातलं काही आठवत नव्हतं आणि त्याला कोणी सांगितलंही नव्हतं. तो बाच्या मांडीवर बसून वंदना शिकला. पाली शब्द त्याच्या तोंडात साखरेसारखे विरघळायचे, बापासारखा घाम नाही फुटायचा. पहिलं शील आलं की तो छाती फुगवून, पुढच्या-मागच्या सगळ्यांहून मोठ्यानं म्हणायचा, की मी कोणाचा जीव घेणार नाही. बा ओठ मिटून ऐकत राहायचा, आणि त्याचा तो मोडका हात पोराच्या पोटावर असायचा.